मृगयेची बंदूक कोणती? एका रूढ नांवाचें परीक्षण

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या घरीं, किंवा एखाद्या लहानशा संग्रहालयांत, लांब नळीची तोडेदार बंदूक भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्याखालीं 'शिकारी बंदूक, मराठेशाही' अशी चिठ्ठी डकविलेली आढळते. पनवेल, पेण, कर्जत या बाजूस अशा चिठ्ठ्या आमच्या पाहण्यांत पुष्कळ आल्या. ह्या चिठ्ठींत दोन विधानें आहेत : एक उपयोगाविषयीं व दुसरें काळाविषयीं. दोहोंनाही बहुधा आधार दिलेला नसतो. पोथीच्या बाबतींत जो संग्राहक पुष्पिका पाहिल्यावांचून शक घालीत नाहीं, तोच बंदुकीच्या बाबतींत ऐकीव गोष्टीवर संतुष्ट कां असावा, हें आम्हांस कळत नाहीं. म्हणून 'शिकारी' ह्या नांवास सामान्यतः जीं प्रमाणें दिलीं जातात त्यांचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे.

पहिलें प्रमाण नक्षीचें. दस्त्यावर हरिण कोरलेलें आहे, नळीवर कोफ्तगरीनें मृगांचा कळप काढलेला आहे, अथवा नळीचें तोंड वाघाच्या जबड्यासारखें घडविलें आहे, म्हणून ती बंदूक शिकारीची, असें सांगण्यांत येतें. परंतु व्याघ्रमुख तर तोफांनाही असतें, आणि तोफ घेऊन कोणी मृगयेस गेल्याचें ऐकिवांत नाहीं. हरिण, मोर, सिंह हे आकार तलवारीच्या मुठीवर, दारूच्या शिंगावर व अडकित्त्यावरही सांपडतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत नित्याच्या उपयोगाच्या वस्तूंवरील अशी कारागिरी कोणीही पाहूं शकतो. नक्षी ही धन्याची आवड व कारागिराची परंपरा सांगते, हत्याराचा विनियोग ती सांगत नाहीं. ज्या ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर गणपति काढला आहे तो ग्रंथ गणेशपुराणच असतो काय?

दुसरें प्रमाण संस्कृताचें. हें अधिक प्रतिष्ठित असल्यामुळें अधिक घातक आहे. शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांत नालिकाचें बृहत् व क्षुद्र असें द्विविध वर्णन आहे. त्यांतील लघुनालिकाची लांबी पांच वितस्ति, म्हणजे सुमारें पंचेचाळीस इंच, सांगितली आहे. मूळाशीं तिरकस छिद्र, नेम धरण्यासाठीं मूळाशीं व टोंकाशीं तिलबिन्दु, मधल्या बोटाएवढें अंतर्विवर, दारू ठासण्यासाठीं दृढ शलाका, उत्तम लांकडाचा बुंधा, आणि यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न करणारी योजना, इतके अवयव तेथें दिले आहेत. गुस्टाव्ह ऑपर्ट यांनीं १८८० त आपल्या पुस्तकांत ह्या वर्णनावरून प्राचीन भारतीयांस बंदूक ठाऊक होती असा पक्ष मांडला. तेव्हांपासून आपल्याकडील कित्येक लेखक तोच पक्ष पुनःपुन्हा सांगत आले, आणि त्याची अंधुक छाया आमच्या चिठ्ठ्यांवरही पडली आहे. 'आमच्या राजांच्या मृगयेंत नालिक होतेंच' असें कोणी म्हणाला कीं भिंतीवरील बंदुकीस आपोआप कुलीनता प्राप्त होते.

आतां त्या वर्णनाचाच विचार करूं. आघातानें अग्नि काढणारें यंत्र म्हणजे चकमकीचा घोडा होय. चकमकीची कळ युरोपांतच सोळाव्या शतकांत सिद्ध झाली व सतराव्यांत स्थिर झाली. हिंदुस्थानांत तर तोडेदार बंदूकच एकोणिसाव्या शतकापर्यंत सर्वसामान्यांच्या हातीं राहिली. तेव्हां हें वर्णन चकमकीची बंदूक पाहिलेल्या मनुष्याचें आहे, त्यापूर्वींचें नव्हे. शिवाय, दारू ठेवण्याच्या मूळच्या जागेस तेथें 'कर्ण' म्हटलें आहे. मराठींत बंदुकीच्या वा तोफेच्या त्या छिद्रास 'कान' म्हणतात व त्यांत रंजक घालतात, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको. प्राचीन कर्ण शब्दापासून हा कान आला असें मानण्यापेक्षां, चालत्या भाषेंतील कारागिरांचा 'कान' संस्कृतकारानें 'कर्ण' करून घेतला, असें मानणें आम्हांस सयुक्तिक वाटतें. अशी शब्दघटना आपल्याकडे अपूर्व नाहीं. रघुनाथपंडितांचा राजव्यवहारकोश हा यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठींच सतराव्या शतकांत रचला गेला व त्यांत शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे. संस्कृत शब्द आढळला म्हणजे वस्तु प्राचीन ठरते, हा नियम तेथेंच मोडतो. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ त शुक्रनीति हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला आहे असें प्रतिपादन केलें. तें सर्वांशीं मान्य करा वा न करा, नालिकाच्या प्रकरणापुरता तरी त्यांचा पक्ष बळकट आहे.

आणखी एक गोष्ट. शुक्रनीतींतील लघुनालिक पायदळानें व घोडेस्वारांनीं धारण करावें असें तेथेंच सांगितलें आहे. म्हणजे तें सैन्याचें हत्यार आहे. मृगयेच्या बंदुकीस आधार म्हणून तें वचन पुढें करणारांनीं तें शेवटपर्यंत वाचलेलें दिसत नाहीं.

तिसरें प्रमाण नळीचें. नळी फार लांब असली, किंवा तिच्या आंत आटे असले, तर ती नेमाची, आणि नेमाची म्हणजे शिकारीची, अशी ही अनुमानसरणी आहे. आट्यांनीं गोळीस फिरकी मिळते व ती सरळ जाते, हें खरें. परंतु नेम जसा शिकाऱ्यास लागतो तसा तटावरच्या बरकंदाजासही लागतो. आईन-इ-अकबरींत दोन गज लांबीच्या व सव्वा गज लांबीच्या अशा दोन जातींच्या नळ्या सांगितल्या आहेत. लोखंडाचा पत्रा तिरकस गुंडाळून, घडीवर घडी येईल असा जोडून नळी करण्याची रीतही तेथें आहे. अकबराच्या 'संग्राम' नांवाच्या खाशा बंदुकीनें १०१९ जनावरें मारल्याची नोंद त्याच ग्रंथांत आहे. आणि १५६८ त चितोडच्या वेढ्यांत जयमल राठोड ज्या बंदुकीच्या गोळीस बळी पडला ती हीच 'संग्राम'. आतां ही बंदूक शिकारी म्हणावी कीं लढाऊ? एकच नळी सकाळीं रानांत व संध्याकाळीं मोर्चावर चाले, हेंच त्या काळाचें वास्तव आहे. नळीवरून वर्ग पाडणारांनीं ह्या एका उदाहरणाचें उत्तर द्यावें.

तर मग मृगयेची बंदूक अशी वस्तूच नाहीं काय? आहे, परंतु तिचें लक्षण कृतींतून काढलें पाहिजे. मृगया हा एक शब्द असला तरी कर्म एक नव्हे. चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (शके १०५१) मृगयेचे अनेक प्रकार आहेत. त्यांत शिकवून तयार केलेल्या हरणाच्या साहाय्यानें रानांतील हरणें जवळ आणण्याची युक्ति आहे, पण बंदूक अर्थातच नाहीं. कुमाऊंच्या रुद्रदेवाच्या श्यैनिकशास्त्रांत मृगयेचे आठ भेद सांगितले आहेत. घोड्यावरची, जाळ्याची, कुत्र्यांची, ससाण्याची वगैरे भेदांत 'पदप्रेक्षा' हा एक भेद आहे. पावलांचा माग काढीत एकट्यानें जनावराजवळ जाणें, हें त्याचें स्वरूप. कौटिल्यानें मृगयेचे गुण सांगतांना हालत्या व स्थिर अशा दोन्ही शरीरांवर नेम बसण्याचा अभ्यास व भय-क्रोधांत पशूंचें चित्त ओळखणें यांचा निर्देश केला आहे. शाकुंतलांतील दुष्यंत रथावरून धांवत्या हरणाचा पाठलाग करतो. पदप्रेक्षा करणारा नेमकें याच्या उलट करतो. तो जनावरास धांवूंच देत नाहीं. त्याचें सर्व कौशल्य बार उडण्यापूर्वींच खर्च झालेलें असतें.

ह्या कर्मास जें हत्यार लागतें त्याचे गुण यावरून आपोआप निघतात. तें दिवसभर खांद्यावर वाहतां आलें पाहिजे, म्हणून हलकें हवें. एकच बार मिळणार, म्हणून एका गोळीचा नेम अचूक हवा. छर्ऱ्याचें येथें काम नाहीं. चाप हलका व खटका न बसणारा हवा. माशी बारीक हवी. आणि हरणाच्या नाकास व डोळ्यास सुगावा लागूं नये इतकें तें निमूट हवें. जळता तोडा घेऊन, वारा तोंडावर घेतल्याखेरीज, सांबराजवळ जाणें व्यर्थ आहे. धुराचा वास त्याच्याआधीं पोंचतो. स्कॉटलंडांत हीच विद्या एकोणिसाव्या शतकांत फार वाढली. विल्यम स्क्रोप यांचें हरणांच्या पाठलागावरील पुस्तक १८३८ चें. तेथील रायफलीचा आदर्श म्हणजे सात-आठ पौंड वजन, एक नळी, सपाट जाणारी गोळी व खांद्याचा पट्टा. लंडनच्या रिग्बी कारखान्यानें मौझर पद्धतीवर केलेली ०.२७५ इंचाची रायफल ह्या वर्गांतली. तीच जातीची रायफल जिम कॉर्बेट यांस १९०७ त मिळाली व तिनें नरभक्षक जनावरें मारलीं. त्यामुळें ती वाघाची रायफल झाली नाहीं. हत्यार कशासाठीं घडविलें व त्यानें काय मारलें, हे दोन प्रश्न भिन्न आहेत.

ह्या कसोटीवर आमच्या बाजूच्या किती बंदुका उतरतात? फार थोड्या. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत विलायती रायफली आल्या त्या उतरतील. परंतु दरबारी शिकारीची सर्व हौस बंदुकीनें भागे असेंही नाहीं. कोल्हापुरास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चित्ते बाळगून त्यांच्याकडून काळवीट धरवीत. कर्नाळा व माथेरानच्या डोंगरांत जें हरिण मुख्यतः आढळतें तें भेंकर. तें दाट झाडींत एकटें राहतें. त्याच्या मागें पंचेचाळीस इंचांची नळी घेऊन जाळींतून शिरणें कसें जमतें, तें चिठ्ठी लिहिणारांनीं एकदां करून पाहावें.

मग ह्या बाजूच्या घरांतून निघणाऱ्या ठासणीच्या बंदुका कोणाच्या? आमचें मत असें कीं त्यांतील बहुसंख्य शेतराखणीच्या आहेत. भातशेतींत व वरकस जमिनींत रानडुक्कर येतें. माळ्यावर बसून रात्रीं राखण करावी लागते. तेथें नळी लांब व जड असली तरी अडत नाहीं, कारण ती माळ्याच्या आडव्या बांबूवर टेकतां येते. आणि नळींत गोळी नसून छर्रे असले तरी काम भागतें. मालक राजा नव्हता, कुळवाडी होता. हें सांगण्यांत कमीपणा कोणता?

कमीपणा नाहीं, पण नुकसान मात्र फार होत आहे, आणि ह्या लेखाचें प्रयोजन तेंच आहे. १८७८ त लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून बंदूक बाळगणें त्यानें गुन्हा ठरविलें. पुढल्याच वर्षीं पनवेलनजीकच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनीं बंड पुकारलें. ह्या काळानंतर कुळवाड्याच्या बंदुकीमागें कागदांची एक मालिका सुरू झाली : परवाना, नूतनीकरणाचे शेरे, तपासणीच्या नोंदी, वारसाचे अर्ज, जमा केल्याच्या पावत्या. गांवांत कोणास हत्यार मिळालें व कोणास नाकारलें, हें ह्या कागदांवांचून कळावयाचें नाहीं. आतां संग्राहक बंदूक घेतात तेव्हां तिच्यासोबतचे हे कागद 'इंग्रजी अमलांतले' म्हणून टाकून देतात, कारण 'मराठेशाही' ह्या चिठ्ठीस ते अडचणीचे होतात. लोखंड ठेवावयाचें व त्याचा जन्मलेख जाळावयाचा, असा हा व्यवहार आहे. बखरीच्या एका पानासाठीं दहा गांवें हिंडणाऱ्यांनीं हें करावें हें अधिक शोचनीय.

काळाच्या खोट्या विधानास दुसरीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें सामान्यतः शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या जुनाट हत्यारास वेगळें धरलें आहे. तेव्हां 'ही केव्हांची' हें उत्तर केवळ अभिमानाचें राहिलेलें नाहीं. उलट शिकारीचा छंद तर १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं संपविला. कर्नाळ्याचें रान १९६८ पासून अभयारण्य आहे. शिकार कशी होत असे हें सांगणारे हात आतां थोडे उरले आहेत; तें ज्ञान यापुढें वस्तु व कागद यांवरूनच काढावें लागणार.

म्हणून आमची सूचना एवढीच. यादींत प्रथम जें डोळ्यांस दिसतें तें लिहावें : नळीची लांबी, तोंडाचा व्यास, आटे आहेत कीं नाहींत, कळ तोड्याची, चकमकीची कीं टोपीची, कानाची स्थिति, वजन, कारखान्याचा ठसा. नंतर कोणाच्या घरून, कोणत्या कागदांसह मिळाली तें लिहावें. तिसऱ्या ओळींत घरची दंतकथा, ती दंतकथा आहे असें म्हणून, लिहावी. 'शिकारी' हा शब्द चौथ्या ओळींत, आणि वरील तिन्हींनीं अनुमति दिली तरच यावा. पाठभेद नोंदवितांना आपण जी शिस्त पाळतों तिच्याहून ही निराळी नाहीं.

ह्या रीतीनें पाहतां कित्येक 'शिकारी बंदुका' भिंतीवरून उतरतील आणि त्यांच्या जागीं 'शेतराखणीची ठासणीची बंदूक, टोपीची कळ, परवान्यासह' अशी साधी चिठ्ठी येईल. ती चिठ्ठी पाहुण्यांस कमी रुचेल. परंतु तिच्यांत एका शेतकऱ्याचें पीक, एका सरकारचा संशय व एका गांवाचा इतिहास असेल, आणि तो खरा असेल.