हेतू, प्रयोजन, तात्पर्य

अमेरिकन शाळांत सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना लेखकाचे प्रयोजन ओळखावयास शिकविण्याची एक रूढ रीत आहे. माहिती देणे, मन वळविणे आणि रंजन करणे असे तीन कप्पे मांडावयाचे व समोरचा उतारा त्यांपैकी एकात टाकावयाचा. मराठीच्या तासाला हाच प्रश्न 'लेखकाचा हेतू काय?' असे रूप घेतो आणि उत्तरादाखल बहुधा एखादे बोधवाक्य पुरते. दोन्हीकडे उताऱ्याकडे परत जाण्याची गरज उरत नाही.

समीक्षेने हा प्रश्नच हद्दपार केला आहे, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते आणि त्यासाठी विम्सॅट व बिअर्ड्स्ली यांच्या १९४६ मधील 'दि इन्टेन्शनल फॅलसी' या निबंधाचा हवाला दिला जातो. परंतु त्यांचा आक्षेप काव्यकृतीच्या यशापयशाचा निवाडा कवीच्या मनातील योजनेवरून करण्याला होता. व्यावहारिक निवेदनात हेतूचे अचूक अनुमान आवश्यक असते, हे त्यांनी तेथेच मान्य केले आहे. शालेय पुस्तकांतील बरेचसे गद्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते.

संस्कृत साहित्यशास्त्राची परिभाषा येथे अधिक काटेकोर आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता व अभ्यास यांना काव्याचा हेतू म्हटले. यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, उपदेश इत्यादी प्रयोजने त्याहून वेगळी. त्यांतही यश कवीचे, तर व्यवहारज्ञान वाचकाचे. (प्रचलित मराठीत 'हेतू' हा एकच शब्द हे सारे गिळून बसला आहे.) तात्पर्य ही तिसरीच गोष्ट. तात्पर्यनिर्णयासाठी मीमांसेने सांगितलेली उपक्रमोपसंहार, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती ही गमके ग्रंथातच शोधावयाची असतात. मीमांसकांचा वेद अपौरुषेय. ज्याला कर्ताच नाही अशा ग्रंथासाठी घडलेली ही पद्धती कर्त्याच्या मनात डोकावणार तरी कशी?

जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'वर (१८७३) ती लावून पाहावी. या मराठी ग्रंथाचे अर्पण गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना आहे. जे हा ग्रंथ वाचणार नाहीत, त्यांना तो अर्पण का, हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलालाही पडू शकतो, आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचे दास्य व तिथली गुलामी यांची तुलना त्याला आरंभीच सापडते. हा उपक्रम. पुढे धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून अवतारकथांना बाहेरून आलेल्या आर्यभटांच्या स्वाऱ्यांचा इतिहास म्हणून उलटे वळण मिळते, ही अपूर्वता. मध्येच चिरंजीव मानल्या गेलेल्या परशुरामालाच पत्र लिहून हजर होण्यास फर्मावले आहे. विद्यार्थी हसतो. तीन कप्प्यांच्या हिशेबाने हे रंजन ठरेल. पण चिरंजीवित्वाचा दावा खरा असेल तर परशुरामाने उत्तर द्यावयास हवे. विनोद येथे युक्तिवादाचेच काम करतो, म्हणजे उपपत्तीचे. संस्कृत नावे मुलांना सांगण्याचे अर्थातच कारण नाही.

या पद्धतीवर फार विसंबूनही चालणार नाही. 'गीतारहस्या'त (१९१५) टिळकांनी हीच गमके पुढे करून पूर्वीच्या टीकाकारांचे सांप्रदायिक अर्थ नाकारले आणि ते कर्मयोगापाशी पोहोचले. तो अर्थ त्यांच्या काळाला व त्यांना स्वतःला किती सोयीचा होता, हा वाद मिटलेला नाही. गमके एकमत घडवीत नाहीत. मात्र मतभेद कोणत्या वाक्यावर आहे, हे ती दाखवू शकतात, आणि नेमकी ही जागा बोधवाक्याच्या उत्तरात लुप्त होते. 'फुले यांना समाजाचे प्रबोधन करावयाचे होते' हे विधान खरे असूनही ग्रंथ न उघडता लिहिता येते. उलट, धोंडिबाच्या शंका जोतीरावांना फारशा अडचणीत आणीत नाहीत, तेव्हा हा संवाद आहे की संवादाचे रूप घेतलेले व्याख्यान, असे एखाद्या विद्यार्थ्याने दोन प्रश्नोत्तरे दाखवून लिहिले, तर प्रचलित उत्तरसूचीत त्याला गुण कोठे द्यावयाचे, हे परीक्षकालाही सांगता येणार नाही.