चित्रपटगृह, घरचा पडदा आणि मधला अवधी

चित्रपटगृह आणि घरचा पडदा यांच्या स्पर्धेविषयी जे लेखन होते, त्यात एक गृहीतक जवळजवळ सर्वत्र आढळते. ही स्पर्धा दोन पडद्यांमधली आहे, असे ते गृहीतक. एक पडदा मोठा, दुसरा लहान. एक सार्वजनिक, दुसरा खासगी. त्यावरून मग एक तर चित्रपटगृहाचा मृत्युलेख लिहिला जातो, नाही तर सामुदायिक रसास्वादाचे स्तोत्र गायिले जाते. दोहोंतही विवेचनापेक्षा हळहळ अधिक. निर्माते आणि चित्रपटगृहांचे चालक यांच्यात जो तंटा प्रत्यक्षात चालत आला आहे, त्याचा विषय पाहू गेल्यास तेथे पडद्याच्या लांबीरुंदीला फारसे स्थान नाही, असे दिसते. चित्रपट चित्रपटगृहात लागल्यापासून तो घरी पाहावयास मिळेपर्यंत किती दिवस जावेत, आणि ते दिवस कोणी ठरवावेत, यावर तो तंटा उभा आहे. व्यवसायात या दिवसांना ‘विंडो’ किंवा ‘होल्डबॅक’ म्हणतात. त्याला मधला अवधी म्हणण्यास हरकत नाही. या अवधीचे मूल्य कशाने ठरते, हे समजण्यास दोन हिंदी चित्रपट उपयोगी पडतात. एक १९९४ चा, दुसरा २०२५ चा. दोघांचाही विषय लग्नसोहळा आहे, आणि दोघांच्याही प्रदर्शनात हा अवधी कळीचा ठरला.

पहिल्या चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्याच्या मागील दशकाची परिस्थिती ध्यानी घेणे अवश्य आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या पाठोपाठ व्हीसीआर मध्यमवर्गाच्या घरात शिरला. ज्याला तो विकत घेणे परवडत नसे, तो एका रात्रीसाठी भाड्याने आणी; चार कॅसेटी आणि शेजारपाजारची मंडळी मिळून पहाटेपर्यंत जागरण होई. गावोगावी व्हिडिओ पार्लर निघाली, लांब पल्ल्याच्या खासगी बसगाड्या ‘व्हिडिओ कोच’ म्हणून मिरवू लागल्या, आणि शहरांतील इमारतींत एका व्हीसीआरवरून घरोघर तारा ओढल्या गेल्या. परदेशासाठी विकलेल्या हक्कांच्या वाटेने नव्या चित्रपटाच्या चोरट्या कॅसेटी प्रदर्शनाच्या सुमारासच येथे येऊन पोचत. १९८४ साली प्रतिलिप्यधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओ फिती त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आल्या. परंतु कायदा आणि गल्लीतले दुकान यांतील अंतर बरेच मोठे होते. अमेरिकेत त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बीटामॅक्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी घरच्या ध्वनिचित्रमुद्रणाला मोकळीक दिली. तेथील निर्मितिसंस्था खटला हरल्या, पण व्हिडिओच्या विक्रीतून आणि भाड्यातून त्यांना पुढे जे उत्पन्न मिळाले, त्याने चित्रपटगृहांच्या उत्पन्नालाही मागे टाकले. तेथे मधला अवधी हा हिशेबाचा भाग झाला. येथे तो उरलाच नाही. चोराला मुदत पाळण्याचे कारण नसते.

अशा वेळी ५ ऑगस्ट १९९४ रोजी राजश्री संस्थेचा ‘हम आप के हैं कौन’ हा सूरज बडजात्या दिग्दर्शित चित्रपट मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात लागला. संस्थेने त्याचे व्हिडिओ हक्क विकले नाहीत. चित्रपट मोजक्याच ठिकाणी लावला, ध्वनिव्यवस्था आणि सोयी सुधारण्याचा आग्रह धरला, आणि तिकिटांचे दर चढे ठेवले. लिबर्टीत तो शंभरांहून अधिक आठवडे चालला. या यशाचे श्रेय पुढे बहुधा धोरणाला दिले गेले: कॅसेट रोखली म्हणून प्रेक्षक आला. हे अर्धेच खरे आहे. कॅसेट रोखून प्रेक्षकाला घरी चित्रपट पाहण्यापासून अडवता येते. त्याला घराबाहेर काढण्यास दुसरे काही लागते. ते दुसरे काय होते, याचे उत्तर चित्रपटाच्या रचनेत शोधावयास हवे.

कथा म्हणून पाहिल्यास या चित्रपटात सांगण्यासारखे थोडेच आहे. राजश्रीनेच १९८२ साली काढलेल्या ‘नदिया के पार’चे ते शहरी, श्रीमंत रूप. तीन तासांहून अधिक लांबीत खलनायक नाही, आणि पहिल्या दोन तासांत म्हणावा असा संघर्षही नाही. आहेत ते विधी: साखरपुडा, लग्न, जोडे लपवणे, डोहाळजेवण, बारसे, आणि त्या विधींना जोडून चौदा गाणी. समीक्षकांनी याला लग्नाची चित्रफीत म्हणून हिणवले. ते हिणवणे अनवधानाने मर्मावर बोट ठेवते. लग्नाची चित्रफीत पाहणारा माणूस कथानकाची वाट पाहत नाही. तो ओळखीचे चेहरे आणि ओळखीचे क्षण शोधतो. बडजात्यांनी प्रेक्षकाला नेमके हेच स्थान दिले आहे. कॅमेरा बहुतेक वेळा पाहुण्यांच्या उंचीवर आणि पाहुण्यांच्या अंतरावर उभा असतो. जोडे लपवण्याच्या गाण्यात वरपक्ष आणि वधूपक्ष समोरासमोर येतात, तेव्हा सभागृहाचेही दोन पक्ष होतात. उशी हातोहात फिरविण्याचा खेळ तर कथेला एक पाऊलही पुढे नेत नाही. तो केवळ जमलेल्या मंडळींसाठी आहे, आणि सभागृहात बसलेली मंडळीही त्या जमलेल्यांतच मोडतात. गाण्यांचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून ते वर आले होते, आणि एकच चाल शेकडो लोकांनी एकदम उचलली तर काय होते, याची जाण त्यांना तेथूनच असावी.

या रचनेतले दोषही तिच्या गुणांतूनच निघतात. जेथे सर्वच पाहुणे आहेत, तेथे घरच्या भांडणाला जागा नसते. वहिनीच्या मृत्यूनंतर निशाचे लग्न मोठ्या भावाशी ठरते, आणि ते कोणाशी ठरले आहे हेच तिला धड कळलेले नसते. हा केवढा अन्याय! पण चित्रपट त्याला गैरसमजाचे रूप देऊन बाजूस सारतो, आणि सोडवणुकीचे काम एका कुत्र्यावर सोपवितो. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे अशी अभिनयाची उत्तम पुंजी हाताशी असता तिचा उपयोग मुख्यतः प्रसन्न दिसण्यासाठी झाला. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. हा चित्रपट एकट्याने पाहिला असता अपुरा वाटतो. सोहळ्याला माणसे लागतात. ती सभागृहात मिळत. तेव्हा राजश्रीने लांबविलेला अवधी वरून लादलेला नव्हता. चित्रपट जितके आठवडे चालला तितका तो लांबला. त्याचे माप कलाकृतीच्या आयुष्याने ठरविले.

दुसऱ्या चित्रपटापर्यंत येताना चित्रपटगृहाचे स्वरूप पालटते. १९९७ साली दिल्लीत पीव्हीआरचे पहिले बहुपडदा चित्रपटगृह निघाले. २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स या दोन मोठ्या साखळ्या एक झाल्या. परंतु या दोन तारखांपेक्षा मधली एक तारीख प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. २००९ च्या एप्रिलपासून जूनच्या प्रारंभापर्यंत निर्मात्यांनी बहुपडदा चित्रपटगृहांना नवे हिंदी चित्रपट देणे बंद केले होते. त्या संपाच्या अखेरीस वाटपाचे जे सूत्र ठरले, ते असे: निव्वळ उत्पन्नात निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. या चार आकड्यांत पुढील सर्व भांडण साठविलेले आहे. निर्मात्याचा लाभ पहिल्या आठवड्यात सर्वाधिक, आणि दिवसागणिक घटणारा. चित्रपटगृहाचा वाटा मात्र चित्रपट जुना होत जाईल तसा वाढणारा. अर्थात निर्मात्याला पहिल्या दोन आठवड्यांनंतर चित्रपट घरोघर नेण्याची घाई होणार, आणि साखळीला तो अडवून धरावासा वाटणार. यात रसिकतेचा किंवा कलाप्रेमाचा प्रश्न कोठे येतो, हे शोधूनच काढावे लागेल.

महासाथीपूर्वी हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांचा अवधी पाळला जात असे. १२ जून २०२० रोजी ‘गुलाबो सिताबो’ थेट घरच्या पडद्यावर आला. साखळ्यांनी नाराजी जाहीर केली, पण चित्रपटगृहेच बंद असल्यामुळे तिला अर्थ नव्हता. पुढे अवधी चार आठवड्यांवर उतरला आणि २०२२ मध्ये पुन्हा आठांवर गेला. हा नियम किती कडक होता, हे २०२३ च्या ‘लिओ’वरून दिसते: मूळ तमिळ चित्रपटाचा अवधी चार आठवड्यांचा, म्हणून त्याच्या हिंदी आवृत्तीला राष्ट्रीय साखळ्यांनी आपला पडदा दिला नाही. चित्रपट कसा आहे, त्याला प्रेक्षक किती येतील, हे प्रश्न त्या निर्णयात गैरलागू होते.

२०२५ च्या मे महिन्यात या नियमाची परीक्षा मुंबई उच्च न्यायालयात झाली. ‘भूल चूक माफ’ हा करण शर्मा दिग्दर्शित चित्रपट ९ मे रोजी लागावयाचा होता. सीमेवरील तणावामुळे उद्भवलेली परिस्थिती पुढे करून निर्मात्याने आदल्या दिवशी जाहीर केले की, तो चित्रपटगृहात न येता १६ मे रोजी प्राइम व्हिडिओवर येईल. पीव्हीआर आयनॉक्सने कराराचा आधार घेऊन सुमारे ६० कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा लावला, आणि न्यायालयाने घरच्या प्रदर्शनास मनाई केली. लगेच तडजोड झाली. चित्रपट २३ मे रोजी चित्रपटगृहांत लागला आणि ६ जून रोजी, म्हणजे चौदाच दिवसांनी, घरोघर पोचला. न्यायालयात ज्या आठ आठवड्यांसाठी आग्रह धरला होता, त्यांतले सहा तडजोडीच्या मेजावर सोडून दिले गेले.

योगायोग असा की, हाही चित्रपट लग्नाचा आहे, आणि काळाचा आहे. वाराणसीचा रंजन लाच देऊन सरकारी नोकरी मिळवितो, लग्न ठरते, आणि हळदीचा दिवस पुनःपुन्हा उगवू लागतो. लग्नाचा दिवस काही येत नाही. राजकुमार राव यांनी वैताग, अविश्वास आणि शेवटची शरणागती यांच्या पायऱ्या नीट हेरल्या आहेत. दिग्दर्शकाने मात्र पहिल्या अर्ध्या भागात एकाच विनोदावर फार काळ मुक्काम केला, आणि लाचखोरीचा नैतिक प्रश्न उत्तरार्धात घाईघाईने उपदेशाच्या स्वरात सोडविला. बडजात्यांच्या चित्रपटाशी तुलना केल्यास फरक लगेच जाणवतो. तेथे हळद हा समुदायाचा सोहळा; येथे ती एका माणसाची कोंडी. इतर सारे तेच हसू हसतात, आणि हे काल घडून गेले आहे हे फक्त रंजनला ठाऊक असते. चित्रपटाचा अनुभव मुळातच एकाकी आहे. असा चित्रपट सभागृहात पाहू नये असे नाही. पण सभागृहाविना तो अपुरा राहतो, असेही म्हणता येत नाही. आणि गंमत अशी की, चौदा दिवसांची मुदत जगजाहीर असूनही प्रेक्षक तिकीट काढून गेले. धंदा नाव घेण्याजोगा झाला. दोन आठवडे थांबले की घरी मिळेल, हे ठाऊक असूनही जो प्रेक्षक गेला, त्याला आठ आठवड्यांच्या कुंपणाने आणले नव्हते.

अमेरिकेतील अनुभव यास पुष्टी देतो. २०२० च्या एप्रिलमध्ये ‘ट्रोल्स वर्ल्ड टूर’ घरी दाखविल्याबद्दल एएमसी या साखळीने युनिव्हर्सलच्या चित्रपटांवर बहिष्कार जाहीर केला. जुलैत तिनेच सतरा दिवसांचा अवधी मान्य केला आणि घरच्या उत्पन्नात आपला वाटा मिळविला. तत्त्वाची म्हणून जी लढाई सांगितली जात होती, तिचा शेवट किमतीत झाला. आपल्याकडे आमिर खान यांनी २०२५ मध्ये ‘सितारे ज़मीन पर’ वर्गणीच्या मंचांना न देता १ ऑगस्टपासून यूट्यूबवर शंभर रुपयांना ठेवला. या निर्णयाचे चित्रपटगृहांच्या हिताचा म्हणून बरेच कौतुक झाले. दिवस मोजले तर २० जूनपासून ते बेचाळीसच भरतात, आठ आठवड्यांहून कमी. तेथे बदलले ते इतकेच की, प्रेक्षकाला घरीही तिकीट काढावे लागले.

या सगळ्यात मराठी चित्रपट कोठे आहे, असे अभ्यासकाने विचारल्यास उत्तर काहीसे कडू मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या एप्रिलमध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखविण्याची सक्ती जाहीर केली, आणि लवकरच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल केली. म्हणजे येथला वाद आठवड्यांचा नव्हताच. तो तासांचा होता. ज्याला संध्याकाळचा खेळ मिळत नाही, त्याच्या दृष्टीने छप्पन्न दिवसांचे संरक्षण हा दुसऱ्याच्या घरचा वाद आहे. लहान हिंदी चित्रपटाची अवस्था तर याहून विचित्र. तो पहिल्या शुक्रवारी सकाळच्या खेळाला लागतो, दुसऱ्या शुक्रवारी उतरतो, आणि मग उरलेले सात आठवडे ना पडद्यावर ना घरी, असा अधांतरी राहतो. त्याविषयी कोणी चार शब्द लिहिलेले असतात, कोणी कोणाला सांगितलेले असते. पण त्या सात आठवड्यांत तो पाहावयाची सोय कोठेच नसते. साखळीने त्याला पडदा नाकारला तरी त्याचा अवधी मात्र तिच्याकडेच गहाण असतो. ‘भूल चूक माफ’च्या निर्मात्याशी साखळीने चौदा दिवसांवर तडजोड केली, कारण दोघांनाही तो चित्रपट हवा होता. आठवड्याभरात उतरलेल्या चित्रपटासाठी अशी तडजोड मागण्यास न्यायालयात जाणार कोण?