रावणाचे गीत कोठे आहे?

महाकाव्याची गीते करावयाची म्हटली म्हणजे कवीपुढे पहिला प्रश्न निवडीचा येतो. कथेचा सारा ओघ गीतात मावत नाही; मावतो तो एखादा क्षण आणि त्या क्षणी बोलणारे पात्र. म्हणून गीतमालेची परीक्षा करताना कोण गाते याबरोबरच कोणास गाऊ दिलेले नाही, हेही पाहिले पाहिजे.

या दृष्टीने दोन भिन्न कृती आम्ही शेजारी ठेवीत आहो. पहिली पुण्याची. ग. दि. माडगूळकरांनी रचिलेले व सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झाले. दुसरी जर्मनीची. ‘ब्लाइंड गार्डियन’ या वादकसंघाने टॉल्किनच्या ‘सिल्मारिलियन’ ग्रंथावरून १९९८ साली ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ ही २२ भागांची ध्वनिमुद्रिका काढली. विजेच्या गिटारी, भरधाव ढोल आणि उंच पट्टीतील समूहगान अशा या प्रकारास ‘पॉवर मेटल’ म्हणतात. आमच्या घरांतील वडील मंडळींस तो निव्वळ गोंगाट वाटेल. परंतु गोंगाटाआडही रचना असू शकते.

बांधणीत माडगूळकर निःसंशय सरस आहेत. जर्मन कृतीत गीतांचे सांधे लहान लहान निवेदनांनी व संवादांनी जुळविले आहेत. माडगूळकरांस असा बाहेरचा टेकू लागत नाही. कुश-लव गातात ते प्रत्यक्ष रामासमोर. श्रोता हाच नायक आणि गायकांचा पिता. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या बालकांस गावयास सांगतात, आणि माला जेथून निघाली तेथेच येऊन मिळते.

परंतु जर्मन कृतीत एक धैर्य आहे. तेथे शपथेपायी सर्वनाश ओढविणारा फेआनोर स्वमुखाने गातो, आणि बंदिवान राजपुत्रास उद्देशून प्रत्यक्ष शत्रूही बोलतो. गीतरामायणात शूर्पणखा रावणास चेतविते, सीता त्याचा धिक्कार करते, अंगदाकरवी त्यास निरोप जातो, कुंभकर्ण त्यास बोल लावतो. रावण मात्र स्वतःच्या गीतात एकदाही उत्तर देत नाही. रामासमोरील गायनात शत्रूचा आवाज कसा शोभेल, असे कोणी म्हणेल. पण शूर्पणखा व कुंभकर्ण यांस तेथे गीते मिळालीच आहेत. कैकेयीसही मिळाले आहे. तेव्हा अडचण चौकटीची नव्हे, रसाची असावी. करुण, वत्सल आणि भक्ती यांत कवीची वाणी सहज रमते. दर्पाचे गीत लिहावयाचे तर काही काळ दर्पाशी तादात्म्य पावावे लागते. पुढे फडके सर्वच गीते एकट्याने गाऊ लागले, तेव्हा पात्रापात्रांतील स्वरभेदही मावळला आणि माला अधिकच सौम्य झाली.

ही उणीव दाखविण्यात थोर कृतीचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. भरताची समजूत घालणाऱ्या रामाचे गीत मराठीत एकमेव आहे. परंतु ज्याच्या पराभवात रामाचा पराक्रम आहे, त्याची थोरवी त्याच्याच मुखातून ऐकू आली असती तर तो पराक्रम आम्हांस अधिक जाणवला असता. आज विजेच्या गिटारी घेऊन बसणाऱ्या आमच्या तरुणांपैकी कोणी रामकथेकडे वळला, तर त्याने झालेल्या गीतांची नक्कल करू नये. रावणाची जागा अद्याप रिकामी आहे, आणि त्या वाद्यांस ती शोभण्याजोगी आहे.