डायनासोर आणि पाण्याचा पेला

हॉलिवुडचे अवाढव्य खर्चाचे चित्रपट आमच्या यवतमाळच्या माणसाला का आवडतात? सरळ व्यवहार आहे. कोट्यवधी डॉलर दुसऱ्याने ओतायचे आणि आपण तिकिटापुरते पैसे टाकून वर नावं ठेवायची! इतकं व्याज आमची बँकसुद्धा देत नाही.

१९९३ चा 'ज्युरासिक पार्क' घ्या. खर्च सहा कोटी डॉलरच्या वर. १९९४ साली तो हिंदीत बोलू लागला नि गर्दी लोटली. पण हिशेब मांडा : दोन तासांत डायनासोर दिसतात जेमतेम १५ मिनिटं. आणि काळजात धस्स होतं ते कधी? पेल्यातल्या पाण्यावर तरंग उठतात तेव्हा! पेला तोही प्लॅस्टिकचा.

हे आम्हाला नवं नाही. टिपेश्वरच्या आसपास वाघ क्वचितच दिसतो. चिखलातला ठसा पुरतो. २०१८ साली अवनी वाघीण मारली गेली तोवर १३ बळी तिच्या खाती मांडले होते. त्या भीतीला ना तिकीट, ना मध्यंतर.

पडद्यावरची भीती मात्र दिवे लागले की संपते, हो! पैसे वसूल होतात ते तिथेच.