गुडघ्याएवढी शिस्त

आमंत्रणपत्रिकेवर 'पोशाख : सेमी-फॉर्मल' असे छापणाऱ्या गृहस्थाला एकदा गाठून विचारायचे आहे, की बाबा रे, अर्धे म्हणजे नेमके कुठले अर्धे? कमरेवरचे की खालचे? विजारवाला गडी टाय बांधून वेळ मारून नेतो. पंचाईत होते ती स्कॉटलंडातल्या किल्टवाल्याची!

त्याच्याकडे प्रत्येक वस्तूचे दोन अवतार. किल्टला खिसे नाहीत, म्हणून पुढे स्पॉरन नावाची पिशवी लोंबते. दिवसा साध्या चामड्याची, रात्रीच्या मेजवानीला केसाळ कातड्याची नि साखळीची. कोटही दोन. चकचकीत बटणांचा तोकडा 'प्रिन्स चार्ली' रात्री, बो-टायसोबत. साधा 'अर्गाइल' एरवी, लांब टायसोबत. मग अर्ध्या समारंभाला काय? अर्गाइल, लांब टाय, साधे लोकरी मोजे, चामड्याची पिशवी. किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर, निऱ्या मागे. झाले!

पण भाड्याने पोशाख आणणारा ऐकेल तर शपथ! पैसे पूर्ण मोजलेत ना, मग केसाळ पिशवी, बो-टाय, पोटरीपर्यंत गुंडाळलेल्या बुटाच्या नाड्या, मोज्यात सुरी, सगळे एकदम अंगावर. समोरच्याला वाटते, बिस्किटांच्या डब्यावरचे चित्रच चालत आले.

माझी तक्रार आहे ती इथे. किल्टचा पूर्वज म्हणजे डोंगरी माणसाचे लांबलचक लोकरी कांबळे. दिवसा निऱ्या घालून कमरेला आवळायचे, रात्री तेच पांघरून झोपायचे. १७४५च्या बंडानंतर लंडनच्या सरकारने १७४६ साली कायदा करून हा वेष बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी! सूट फक्त राजाच्या सैनिकांना. बंदी उठली १७८२ साली. आणि १८२२ साली खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबरोत किल्ट घालून अवतरला, आत गुलाबी तंग विजार चढवून. थाटाची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटची. कांबळ्याचे नाटकातले सोंग झाले ते तेव्हापासून.

जो कपडा कायद्याला पुरून उरला, तो थाटाखाली गुदमरू नये, एवढेच म्हणणे. आपल्या धोतराचे काय झाले? लग्नामुंजीपुरते उरले, तेही शिवलेले, आयते! बड्या मेजवानीला किल्ट कोणीही घालील. खरी परीक्षा या अर्ध्यामुर्ध्या समारंभांची. तिथे तो साध्या कोटाखाली, रोजचाच कपडा असल्यासारखा वावरला, तर जगेल.

तेव्हा मंडळी, शंका आली की एक वस्तू काढून ठेवावी. फक्त किल्टपाशी थांबावे. आत काय घातले आहे, हा प्रश्न मात्र कुठल्याच समारंभात विचारू नये. पूर्ण नाही, अर्ध्या नाही!