बालकाचे क्रियापद आणि आमचा प्रयोगविचार

मूल क्रियापद चालवावयास कोणत्या क्रमाने शिकते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फर्स्ट व्हर्ब्ज’ या ग्रंथात आपल्या कन्येच्या बोलण्याच्या नोंदींवरून याचे उत्तर दिले आहे. आरंभी मुलास ‘कर्ता’, ‘कर्म’ या सामान्य कल्पना नसतात. कापणारा व कापावयाची वस्तू एवढेच ते जाणते. प्रत्येक क्रियापद हे त्याचे स्वतंत्र बेट असते, असा हा सिद्धान्त. तो आम्हांस मोलाचा वाटतो. परंतु तो इंग्रजी बोलणाऱ्या बालकावर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका, घ्यावा. तेथे कोकणी, मराठी व कन्नड या तिन्ही भाषा मुलाच्या कानी पडतात. मराठीत ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी भाकरी खाल्ली’; कोकणीत ‘हांवें आंबो खालो’, पण ‘हांवें भाकरी खाली’. कन्नडात मात्र ‘हण्णु’ असो वा ‘रोट्टी’, ‘नानु’च्या पुढे ‘तिंदे’ हेच रूप राहते. ‘आंबा कापला, आंबा धुतला, आंबा टाकला’ हे ऐकणाऱ्या मुलास एकच प्रत्यय क्रियापदाक्रियापदांतून भेटतो. टोमासेलोंच्या बेटांना येथे साकव मिळतो. तरी बेटे नाहीशी होत नाहीत. ‘मी दूध प्यालो’, ‘मी धडा शिकलो’ यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते. हे एकेका क्रियापदागणिकच शिकावे लागते.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तील (१९११) प्रयोगविचार वर्णन म्हणून आजही आदरणीय आहे. दोष आहे तो त्या वर्णनालाच अध्यापनाचा क्रम मानणाऱ्या आमच्या सवयीचा. आधी व्याख्या, मग वाक्य, हा मुलाच्या शिकण्याचा उलटा क्रम होय. त्यातच ‘हांवें आंबो खालो’ म्हणणाऱ्या मुलाच्या बोलण्यास अशुद्ध मराठी ठरविले, तर अन्याय दुहेरी होतो. त्याची भाषा निराळी आहे, आणि कर्मणी प्रयोग तो घरूनच घेऊन आला आहे. ‘हांव’ व ‘हांवें’ यांतील जो भेद मराठीचा ‘मी’ झाकून ठेवतो, तोही त्यास अवगत आहे.

अशा मुलास कर्मणी प्रयोग शिकवावयाचा नाही. त्यास तो येतो, एवढे दाखवून द्यावयाचे आहे. शिक्षकांनी व्याख्येचा धडा तेथून आरंभावा, असे आमचे मत आहे.