‘स्मृतिचित्रे’ आणि पौलाचे एक वचन

ख्रिस्ती घटस्फोटाच्या चर्चेत मत्तयाचा १९वा अध्याय नेहमी पुढे येतो. तेथे व्यभिचार हा एकच अपवाद आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७व्या अध्यायात पौलाने दाखविलेली वाट मात्र मराठी साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळची वाटावी. अविश्वासी जोडीदार नांदावयास राजी असल्यास त्याला टाकू नये; तो निघून गेला तर विश्वासी बांधलेला नाही, असे पौल सांगतो. या मोकळिकीत पुनर्विवाह येतो काय? रोमन कॅथलिक परंपरा येतो म्हणते. प्रॉटेस्टंटांत एकमत नाही. इंग्रज सरकारने १८६६ साली धर्मांतरितांसाठी केलेल्या विवाहविच्छेदाच्या कायद्याने तो गृहीतच धरला. वर्षभराच्या मुदतीनंतरही जोडीदार नांदण्यास नकार देत राहिला, तर न्यायालय विवाह मोडू शके.

ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा हे दार उघडे होते. ते त्या वाटेला गेले नाहीत. ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे कौतुक करताना टीकाकारांचे इकडे क्वचितच लक्ष जाते. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रियापदाचा कर्ता. पौलाच्या वाक्यात निघून जातो अविश्वासी. लक्ष्मीबाईंच्या कथनात निघून जातात टिळक. कायद्याने जिला न नांदणारी ठरविले असते, ती येथे मागे राहिलेली पत्नी आहे. पुढे त्या नगरला टिळकांकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच, सोवळे सांभाळीत. बाप्तिस्मा झाला १९००मध्ये. पौलाने कल्पिलेली ‘नांदावयास राजी’ स्त्री ती हीच.